शेजारची घरं पाडून धंद्यासाठी पार्किंग : रहिवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पेठेत किंवा गावठाणात एखादं मंगल कार्यालय, हॉस्पिटल, सराफी पेढी किंवा साड्यांचं दुकान मोठं होतं. गिऱ्हाइकांच्या गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न उभा राहतो आणि मागचा वाडा किंवा शेजारच्या चार-सहा बिऱ्हाडांची चाळ विकत घेतली जाते. मग गल्लीत दोन तट पडतात. काहींना वाटतं, बरं झालं, आता दारापुढे गाड्या लागणार नाहीत. काहींची राहती घरंच जाणार असतात. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, सोलापुरात हे भांडण थोड्याफार फरकाने सारखंच दिसतं.

माझं मत आधीच सांगते. शहराच्या मध्यवस्तीतलं परवडणारं घर एकदा गेलं की त्याच जागी, त्याच माणसांसाठी, ते पुन्हा उभं राहत नाही. म्हणून ते जाण्याआधी प्रत्येक कागद तपासला गेला पाहिजे. बहुतेक गल्ल्या जाग्या होतात त्या जेसीबी आल्यावर. तोवर निर्णय कागदावर झालेला असतो. खालचे प्रश्न त्या आधीच्या काळासाठी आहेत.

नियमांबद्दल जे लिहिलं आहे ते महाराष्ट्रापुरतं आहे. मुंबई सोडून राज्याच्या बहुतांश शहरांत २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बृहन्मुंबईची नियमावली वेगळी आहे. तुमच्या प्रकरणातला शेवटचा सल्ला तुमच्या वकिलाचाच.

जागा त्यांची, पैसा त्यांचा. शेजाऱ्यांनी मध्ये बोलायचं कारण काय?

विकायचा हक्क मालकाचा आहे, घेणाऱ्याचा घ्यायचा आहे. त्यात शेजाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. पण विकत घेतलेल्या जागेचं काय करायचं, हे एकट्या मालकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात बांधकामासोबत असलेली इमारत पाडणं आणि जमिनीच्या वापरात मोठा बदल करणं हेही येतं. कलम ४३ प्रमाणे अशा विकासाला नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे महापालिकेची किंवा नगरपालिकेची, परवानगी लागते. परवानगी आली की नियम आले, आणि नियम पाळले जातात का हे विचारायचा हक्क गल्लीतल्या प्रत्येकाला आहे.

पण तिथे काही बांधतच नाहीयेत. नुसता मुरूम टाकून मोकळं मैदान ठेवणार आहेत. तरीही परवानगी?

हा युक्तिवाद फार ऐकायला मिळतो. “आम्ही एक वीटही रचणार नाही,” असं सांगितलं जातं आणि लोक गप्प बसतात. ज्या जागेत काल माणसं राहत होती तिथे उद्या दिवसभर धंद्याच्या गाड्यांची ये-जा सुरू झाली, तर तो वापरातला बदल आहे, मग जमिनीवर मुरूम असो, पेव्हर ब्लॉक असोत की काँक्रीट. पहारेकऱ्याची केबिन, फाटक, पत्र्याची शेड, पावती फाडायची टपरी यांचाही विचार त्यातच होतो. पैसे घेऊन पार्किंग चालवायचं असेल तर महापालिकेचा परवाना आणि वाहतूक पोलिसांचं म्हणणं, दोन्ही विचारा.

आमचा भाग निवासी विभागात आहे. मग पार्किंगला परवानगी मिळूच शकत नाही ना?

इतकं सरळ नाही. निवासी विभागातही काही व्यापारी वापर चालतात आणि कोणते चालतात हे मुख्यत: समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. अरुंद गल्लीत यादी आखूड, रुंद रस्त्यावर लांब. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या सिटी सर्व्हे नंबरचा झोन दाखला (जागा कोणत्या विभागात येते ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा नगररचना विभागातून काढणं. तो कोणीही काढू शकतं.

नकाशा हातात आला की प्रकरण कोणत्या प्रकारचं आहे ते कळतं. आराखड्यातच त्या जागेवर सार्वजनिक वाहनतळाचं आरक्षण असेल, तर मुख्य लढाई आराखडा झाला तेव्हाच होऊन गेलेली असते. अशी जागा १९६६ च्याच कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे एकतर पैसे, नाहीतर टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव एफएसआय (जास्त बांधकामाची मुभा) देऊन घेतली जाते. मंजूर आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. दुसरा प्रकार, दुकानाच्या स्वत:च्या प्लॉटवरचं पार्किंग. त्याला तर नियमच भाग पाडतात. तिसरा, म्हणजे वेगळ्या प्लॉटवरची घरं काढून शेजारच्या धंद्याला वाहनतळ करून देणं, हा खरा वादाचा. आराखड्यातला ‘सार्वजनिक वाहनतळ’ आणि एका दुकानाचं खासगी वाहनतळ यांची गल्लत मुद्दाम केली जाते. सभेत कोणी म्हणालं “आराखड्यातच आहे”, तर नकाशा उघडून दाखवायला सांगा.

वर्तमानपत्रात ‘किरकोळ फेरबदल’ अशी सूचना आली आहे. ते काय प्रकरण?

ही सूचना कापून ठेवा, तारखेसकट. विभाग किंवा आरक्षण बदलायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यासाठी राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून कोणाही व्यक्तीकडून हरकती मागवाव्या लागतात, आणि त्याला सूचनेच्या तारखेपासून एक महिना मिळतो. ज्यांना बदलाची थेट झळ बसते त्यांना स्वतंत्र नोटीस द्यावी लागते. ती मिळाली नसेल तर हरकतीत तसं ठळकपणे लिहा, पुढे कोर्टात हा मुद्दा वजनदार ठरतो.

नाव किरकोळ असलं तरी परिणाम किरकोळ असेलच असं नाही.

हरकत कशी लिहायची?

एकच मजकूर झेरॉक्स करून दोनशे सह्या घेण्यापेक्षा वीस घरांनी आपापल्या शब्दांत वीस हरकती दिलेल्या बऱ्या. शक्यतो एका पानात मावेल असं लिहा. वर सूचनेचा क्रमांक आणि तारीख, सिटी सर्व्हे नंबर, तुमचं घर त्या जागेपासून किती अंतरावर. मग तुम्हाला नेमकी कशाची हरकत आहे ते. ‘वस्तीची संस्कृती नष्ट होईल’ हे मनातलं खरं असेल, पण सुनावणीतल्या अधिकाऱ्याला त्याचं टिपण करता येत नाही. ‘गल्ली अमुक ठिकाणी तीन मीटर आहे, अग्निशमनाची गाडी आजच आत येत नाही, फाटक याच तोंडावर उघडणार आहे’ हे टिपता येतं. गल्लीची रुंदी टेपने मोजा, फोटो काढा. शाळा सुटण्याच्या वेळेचा एक व्हिडिओ दहा पानी निवेदनाला भारी पडतो.

शेवटी दोन ओळी विसरू नका: ‘मला समक्ष सुनावणी मिळावी’ आणि ‘निर्णयाची प्रत मिळावी’. प्रत आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या. नगरसेवकाच्या हाती दिलेला कागद म्हणजे दाखल झालेली हरकत नव्हे.

त्या वाड्यात आम्ही तीन पिढ्या भाडेकरू आहोत. मालक म्हणतो, पार्किंगसाठी जागा खाली करा. करावी लागेल?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ तुमच्या जागेला लागू असेल, तर मालकाला न्यायालयाच्या हुकुमाशिवाय तुम्हाला काढता येत नाही, आणि हुकूम मिळण्याची कारणं मुख्यत: कलम १६ मध्ये मोजून दिलेली आहेत. त्यातलं इमारत पाडण्याचं कारण नीट वाचा. जागा पाडायची आहे ती तिथे *नवी इमारत बांधण्यासाठी*, असं कायदा म्हणतो. शिवाय त्या कारणावर हुकूम द्यायचा तर न्यायालयाची आधी खात्री पटावी लागते की मालकाकडे बांधकामाचा पैसा आहे, नकाशे आणि अंदाजपत्रक तयार आहेत, नव्या इमारतीत जुन्यापेक्षा कमी राहत्या जागा होणार नाहीत, आणि प्रत्येक भाडेकरूला त्याच्या जागेइतक्या चटई क्षेत्राची जागा देण्याची हमी मालकाने लिहून दिली आहे. मोकळं पार्किंग ही नवी इमारत नाही. तिथे तुमच्यासाठी खोली नाही. त्यामुळे ‘पाडून पार्किंग करायचं आहे’ एवढ्या सरळ कारणावर हे कलम मालकाच्या कामी येणं अवघड आहे.

मग मालक दुसरी वाट धरतो. स्वत:च्या वाजवी आणि प्रामाणिक गरजेसाठी जागा हवी, असं कारण मांडता येतं. तिथे न्यायालय गरज खरी आहे का आणि कोणाला जास्त त्रास होईल ते पाहतं. भाडं थकलेलं असणं, जागा दीर्घकाळ बंद असणं, पोटभाडेकरू ठेवणं, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करणं ही कारणंही आहेतच, आणि बहुतेक भाडेकरू हरतात ते यांतल्याच एखाद्यावर. मालक भाडं घ्यायला नकार देत असेल तर मनीऑर्डर करा, परत आलेली पावती जपा. घराला कुलूप लावून मुलाकडे वर्षभर राहायला जाऊ नका.

पागडीची जागा असेल तर पावत्या, करारनामा, आजोबांच्या नावचं जुनं वीज बिल, रेशनकार्ड, सगळं एका फाइलीत आणा. मूळ भाडेकरू वारले असतील तर पावती कोणाच्या नावावर यायला हवी हे आत्ताच ठरवा. भावाभावांतला हा वाद मालकाच्या वकिलाला आयता सापडतो.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही. करार संपला की जागा सोडावी लागते. त्यांच्याशी खोटी आशा लावून बोलू नका.

महापालिकेने वाडा धोकादायक ठरवून नोटीस लावली आहे. आता सगळं संपलं का?

नाही, पण इथे घाई आणि सावधपणा दोन्ही हवेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायला आलेली इमारत उतरवायला सांगता येतं, कलम २६८ खाली ती रिकामी करायला सांगता येतं. इमारतींची वर्गवारी आहे: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नोटिशीत कोणता वर्ग आहे, संरचनात्मक तपासणी कोणी केली, अहवाल कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारा. वाटलं तर भाडेकरूंनी वर्गणी काढून स्वत:चा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणावा.

वाडा खरंच पडायला आला असेल तर बाहेर पडा. पावसाळ्यात तर एक रात्रही थांबू नका. हक्क वाचवायला जीव धोक्यात घालायची गरज नाही, कारण इमारत गेली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शाहा रतनशी खिमजी यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे: महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेपट्टा जमिनीपुरता उरतो. घर सोडण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातल्या क्षेत्राचं मोजमाप महापालिकेकडून लेखी करून घ्या. या एका कागदावर पुढची सगळी बोलणी अवलंबून असतात.

मालकाने नळ बंद केला, जिन्याचा दिवा काढला.

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अत्यावश्यक सेवा तोडता येत नाहीत. न्यायालयात अर्ज करून त्या परत सुरू करून घेता येतात. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

मालकाचीही काही बाजू असेल ना?

आहे, आणि ती ऐकल्याशिवाय तोडगा निघत नाही. कित्येक वाड्यांत आजही महिन्याचं भाडं एका वेळच्या भाजीइतकंही नसतं. कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते, पण मूळ आकडाच इतका लहान की त्या वाढीतून कौलंही बदलता येत नाहीत. घरपट्टी, गळतं छप्पर, वारसांची भांडणं, आणि अरुंद गल्लीत पुनर्विकास करायला एकही बिल्डर पुढे येत नाही. अशा वेळी शेजारचा व्यापारी रोख पैसे घेऊन येतो. त्या मालकाला खलनायक ठरवून काही मिळत नाही. त्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आजूबाजूचे दोन-तीन वाडे एकत्र करून पुनर्विकास बसतो का, खाली पार्किंग आणि वर घरं अशी इमारत होते का, भाडेकरू मिळून जागा घेऊ शकतात का? हे विचारायला कोणीतरी त्याच्या दारात जावं लागतं. बहुतेक गल्ल्यांत कोणी गेलेलंच नसतं.

पण पार्किंगची गरज खरीच आहे. आमच्या दारात लोक गाड्या लावून जातात, त्यापेक्षा हे बरं नाही का?

गरज खरी आहे. दारात आडवी लागलेली गाडी, अडलेली रुग्णवाहिका, रोजची शिवीगाळ हे ज्यांच्या वाट्याला येतं त्यांचा राग समजण्यासारखा आहे. म्हणून आकडेमोड करू.

नियमावलीत एका मोटारीसाठी २.५ मीटर बाय ५ मीटर जागा धरली आहे, म्हणजे १२.५ चौरस मीटर. गाडी आत आणायला आणि वळवायला जवळपास तितकीच जागा आणखी लागते. म्हणजे मोटारीमागे साधारण २५ चौरस मीटर. तीन गुंठ्यांचा वाडा म्हणजे सुमारे ३०३ चौरस मीटर. तो पूर्ण भुईसपाट केला तर तिथे बाराच्या आसपास मोटारी मावतील. त्याच तीन गुंठ्यांत दोन मजली वाड्यात पाच-सहा बिऱ्हाडं सहज राहतात. लग्नाच्या मुहूर्ताला किंवा धनत्रयोदशीला येणाऱ्या गाड्यांपुढे बारा म्हणजे काहीच नाही. सहा कुटुंबं जातील आणि सणाच्या दिवशी गल्लीतली गर्दी होती तशीच राहील.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. त्या दुकानाचा, हॉस्पिटलचा किंवा कार्यालयाचा मंजूर नकाशा पाहा. बांधकाम परवानगी घेताना त्यांना पार्किंग दाखवावंच लागतं. तळघरात दाखवलेलं पार्किंग आज तिथे आहे का? की तिथे गोदाम, औषधांचं दुकान, पॅथॉलॉजी लॅब, भांड्यांची खोली झाली आहे? शहरांच्या मध्यवस्तीत हे सर्रास आढळतं. मंजूर पार्किंग कुलूपबंद ठेवून शेजारची घरं मागणं याला माझा ठाम विरोध आहे. आधी ते तळघर मोकळं करा, त्याला रॅम्पचा रस्ता द्या, मग बोलू. मंजूर नकाशाविरुद्ध वापर होत असेल तर त्याच १९६६ च्या कायद्याच्या कलम ५२ ते ५४ खाली महापालिका कारवाई करू शकते.

तिसरी गोष्ट, जवळचं सार्वजनिक वाहनतळ. पुण्यात मंडईजवळ आर्यन आणि मिसाळ वाहनतळ आहेत, नारायण पेठेत हमालवाडा आहे. तुमच्या शहरातही असं काही असेल. गर्दीच्या वेळी ते किती भरतात, रात्री किती रिकामे असतात, हे आठवडाभर रोज एकाच वेळी जाऊन मोजा. दुकानदाराने तिथे जागा आरक्षित करून गिऱ्हाइकाची पावती स्वत: भरली, तर वाडा विकत घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

मंजूर नकाशा आम्हाला कोण दाखवणार?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. जोडपत्र ‘अ’ मधला अर्ज, त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे नकाशासाठी एक, झाडांसाठी दुसरा असे वेगळे अर्ज करा. माहिती ३० दिवसांत यायला हवी. नाही आली किंवा अर्धवट आली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये.

‘पार्किंगविषयी सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर काही मिळणार नाही. ‘अमुक सिटी सर्व्हे नंबरवरील इमारतीचा मंजूर नकाशा, भोगवटा पत्र आणि पार्किंगचा तक्ता यांच्या प्रती’ असं मागा. (भोगवटा पत्र म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्यावर वापराला मिळालेली परवानगी.) त्याच अर्जात अभिलेख पाहण्याची मागणीही करा. प्रत्यक्ष फाइल पाहिली की त्यातली टिपणं दिसतात. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अर्जाशिवाय फाइल पाहण्याची प्रथा होती, तुमच्याकडे तशी सोय आहे का विचारा.

खरेदी झाली की नाही याबद्दल अफवा उठत असतील तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) आणि सोबत मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहा. कोणी कोणाकडून काय घेतलं ते तिथे कळतं.

वाड्याच्या परसात जुनं आंब्याचं झाड आहे.

शहरी झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. खासगी जागेतलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि झाडावर नोटीस लावावी लागते. हरकतीची मुदत थोडी असते, बहुतेक ठिकाणी सात दिवस. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ धरलं जातं आणि त्याच्या परवानगीची वाट जास्त कठीण झाली आहे. झाडाचं वय सांगणारा गल्लीतला सगळ्यात म्हातारा माणूस शोधा, त्याचा जबाब लिहून घ्या.

आमची आणि त्यांची भिंत एकच आहे. त्यांचं घर पाडताना आमचं पडलं तर?

पेठांमध्ये ही भीती अगदी खरी आहे. माती-विटांच्या वाड्यांची सामाईक भिंत एका बाजूने उघडी पडली की दुसरी बाजू पावसात फुगते. पाडकाम सुरू होण्याआधी तुमच्या घराच्या आतल्या सगळ्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा, तडे असतील ते पेन्सिलने खूण करून ठेवा. महापालिकेला आणि मालकाला लेखी कळवा की भिंतीला टेकू आणि प्लास्टर दिल्याशिवाय पाडकाम करू नये, आणि हे काम इंजिनिअरच्या देखरेखीत व्हावं.

इथे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ कामी येतो. भिंतीचा आधार, खिडकीतून येणारा उजेड-वारा किंवा बोळातून जायची वाट २० वर्षं विनाखंड आणि हक्काने वापरली असेल, तर तो हक्क ठरतो. बोळ बंद करून तिथून गाड्यांची वाट काढणार असतील तर दिवाणी न्यायालयात मनाई मागता येते. परवानगीच्या वादापेक्षा हा दावा कित्येकदा लवकर उभा राहतो.

पार्किंग सुरू झालं तर आवाजाचं काय?

ध्वनी प्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे. रात्र म्हणजे १० ते ६. त्या वेळात निवासी भागात हॉर्न वाजवायला बंदी आहे. मंगल कार्यालयाचं पार्किंग असेल तर खरा त्रास मध्यरात्री वऱ्हाड निघतं तेव्हा होतो. परवानगीला अटी घालून घ्यायच्या असतील तर हीच वेळ: फाटक बंद करायची वेळ, दिव्यांची दिशा, गल्लीच्या तोंडाला माणूस, पावसाचं पाणी शेजारच्या ओट्यावर न येता गटारात जाण्याची सोय.

सरकार अशा पार्किंगसाठी आमचं घर सक्तीने घेऊ शकतं का?

एका खासगी दुकानाच्या सोयीसाठी नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सार्वजनिक प्रयोजन लागतं, आणि खासगी कंपनीसाठी संपादन करायचं झालं तरी बाधितांपैकी किमान ८० टक्के कुटुंबांची संमती लागते. ‘महापालिका ताब्यात घेईल, त्यापेक्षा आम्हाला विका’ अशी धमकी कोणी दिली तर ती लेखी मागा.

जगात इतरत्रही हा प्रश्न कोर्टात गेला आहे. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत ट्रम्प प्लाझा या कॅसिनोच्या आलिशान गाड्या उभ्या करायला जागा हवी म्हणून तिथल्या सरकारी प्राधिकरणाने एका वृद्ध विधवेचं घर आणि शेजारचे दोन छोटे व्यवसाय सक्तीने घ्यायला काढले. १९९८ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने ते नाकारलं. घेतलेली जमीन सांगितलेल्या कामासाठीच वापरली जाईल असं कॅसिनोवर कोणतंच बंधन नव्हतं, हे न्यायाधीशांनी धरलं. आपल्याकडे तो निकाल लागू नाही, पण तो प्रश्न आपल्या सुनावणीतही विचारण्यासारखा आहे: आज पार्किंग म्हणून घेतलेल्या या जागेवर पाच वर्षांनी काय असेल, आणि ते कोणत्या कागदावर लिहिलं आहे?

गल्लीच दुभंगली आहे. गणपतीची वर्गणीही दोन ठिकाणी गोळा होते. एकत्र कसं यायचं?

पार्किंग हवं म्हणणाऱ्यांना ‘विकले गेले’ म्हणू नका. कोणाची आई व्हीलचेअरवर असते आणि रिक्षा दारापर्यंत येत नाही. कोणाचा मुलगा त्याच दुकानात नोकरीला असतो. सभा कोणाच्या घरी न घेता शाळेत किंवा देवळाच्या मंडपात घ्या. ज्यांची घरं जाणार आहेत त्यांना आधी बोलू द्या, मग व्यापाऱ्याला बोलवा. त्याला खरंच किती गाड्यांची, कोणत्या दिवशी, कोणत्या तासांत गरज आहे हे त्याच्या तोंडून येऊ द्या. पुष्कळदा वर्षातल्या वीस-पंचवीस दिवसांचा प्रश्न असतो, आणि त्या दिवसांपुरतं शाळेचं मैदान भाड्याने घेता येतं. शाळेलाही दोन पैसे मिळतात.

जे ठरेल ते लिहून, सह्या करून, प्रत्येक घरात प्रत द्या.

परवानगी मिळालीच तर अपील कुठे?

१९६६ च्या नगररचना कायद्यातलं कलम ४७ चं अपील परवानगी मागणाऱ्या अर्जदारासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही. शेजाऱ्याला आयुक्तांकडे लेखी निवेदन देऊन कलम ५१ खाली परवानगी मागे घेण्याची किंवा बदलण्याची मागणी करता येते, आणि त्यानंतर उच्च न्यायालयात रिट याचिका. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही वेळेत हरकत घेतली होती का?’ दुसरा, ‘परवानगी कळल्यावर इतके दिवस काय करत होता?’ उशीर हाच सगळ्यात मोठा शत्रू आहे.

घरं पाडून झाली, फाटकही लागलं. आता काही उरलं आहे का?

भाडेकरूंचं उरलं आहे, वर सांगितलं तसं. त्यांनी जागेवरचा हक्क सांगणारी नोटीस वकिलामार्फत नव्या मालकाला लगेच पाठवावी. बाकीच्यांनी पाडकामाची आणि वापर बदलाची परवानगी माहिती अधिकारात मागवावी. परवानगीच नसेल तर अनधिकृत विकासाची तक्रार बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याकडे द्या, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला. परवानगी असेल तर तिच्यातल्या अटी एकेक करून जागेवर जाऊन तपासा. कर आकारणी विभागाला कळवा की मिळकत आता निवासी राहिलेली नाही. व्यापारी दराने कर लागला की ‘तात्पुरतं’ म्हणून चाललेल्या पार्किंगचा हिशोब बदलतो. आणि मालकाने त्या जागेवर पुढे इमारतीचा प्रस्ताव टाकला, तर त्यात जुन्या बिऱ्हाडांची नावं आहेत का, हे पाहायला दर दोन-तीन महिन्यांनी त्या सिटी सर्व्हे नंबरची फाइल मागत राहा.